आकड्यांतली शिल्लक

जुन्या पिकअप गाडीच्या इंजिनावर अंमल चालवणारा जो लहानसा गणक बॉनेटखाली किंवा डॅशबोर्डच्या आड धुळीत बसलेला असतो आणि ज्याला आमच्याकडचे ड्रायव्हर 'ईसीएम' एवढ्याच नावाने ओळखतात, त्याच्या सहवासात माझ्या उमेदीची बरीच वर्षे गेली. हा व्यासंग मी चरितार्थासाठी पत्करला नव्हता. घरचे धान राइस मिलवर पोचवण्यासाठी घेतलेली गाडी जुनी होत गेली, तिच्या तक्रारी वाढत गेल्या, प्रत्येक तक्रारीसाठी नागपूरचा रस्ता धरणे खिशाला आणि हंगामाला परवडेनासे झाले, आणि ज्या पेटीत इंजिनाची सर्व गुपिते आहेत असे जो तो सांगत होता ती पेटी आपणच वाचायला शिकावी असा निश्चय मी केला. पुढे लाखनी, साकोली, मोहाडी, पवनी या बाजूंची ओळखीची मंडळी आपापल्या गाड्या घेऊन आमच्या अंगणात येऊ लागली. आणि त्या गाड्यांनी, त्यांच्या मालकांनी व ड्रायव्हरांनी मला जे शिकवले ते या कामाकडे वळणाऱ्या तरुण हातांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हा मजकूर लिहीत आहे.

भंडारा जिल्ह्यात पिकअप ही चैनीची वस्तू नव्हे. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला हा धानाचा आणि तलावांचा मुलूख. खरिपाचे धान दिवाळीच्या आगेमागे कापणीस येते, आणि ज्यांच्या शेताला बारमाही पाणी आहे त्यांचे उन्हाळी धान ऐन मे महिन्यात निघते. ते पोत्यांत भरून खरेदी केंद्रावर किंवा मिलवर पोचवायचे, वांगी-मिरची सायंकाळी भरून पहाटेपूर्वी नागपूरच्या कळमना बाजारात उतरवायची, तलावांतली मासळी बर्फाखाली झाकून न्यायची, लग्नसराईत मंडपाचे सामान गावोगाव पोचवायचे, ही सारी कामे 'एमएच ३६'ची पाटी लावलेल्या आणि तारुण्य कधीच मागे टाकलेल्या पिकअप गाड्या मुकाट्याने करीत असतात. गाडी हंगामात चार दिवस उभी राहिली तर कर्जाचा हप्ता थकतो, ठरलेले भाडे दुसऱ्याकडे जाते आणि तुटलेले गिऱ्हाईक सहसा परत येत नाही. अशा गाडीच्या इंजिनात जो हात घालतो तो एका कुटुंबाच्या निर्वाहात हात घालतो, ही जाणीव मला या कामाने अगदी आरंभीच करून दिली.

गणक येण्यापूर्वीही इंजिनाचे 'ट्यूनिंग' होतच होते. टाटा २०७ किंवा जुन्या डीआय बोलेरोच्या इंधनपंपावर डिझेलची कमाल मर्यादा ठरवणारा एक स्क्रू असे. कॅलिब्रेशनवाला तो यंत्रावर जुळवून तारेने आणि शिशाच्या मोहरेने बंद करी, आणि हमरस्त्यावरचा एखादा उतावीळ कारागीर मालकाच्या आग्रहाखातर ती मोहर तोडून स्क्रूला अर्धा आटा देई. १९५१ साली स्थापन झालेल्या बेंगळुरूच्या मायको कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश असे झाले, तरी आमच्याकडच्या मिस्त्री लोकांच्या तोंडी अजूनही 'मायकोचा पंप' आणि 'मायकोचे नोझल' हेच शब्द आहेत. ज्या वयोवृद्ध मिस्त्रींजवळ बसून मी पंपाची आणि नोझलची पहिली अक्षरे गिरवली, त्यांना त्या अर्ध्या आट्याचा मनस्वी तिटकारा होता. काळा धूर सोडणारी गाडी जोरदार, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती, आणि कोणी तसे बोलले की ते म्हणत, "धूर म्हंजे इकत घेतलेलं डिझेल हाये बाप्पा, ते रस्त्यावर काहून सांडता?" ज्वलनशास्त्राच्या ग्रंथांत पुढे मी जे वाचले त्याचे सार या एका वाक्यात आलेले होते; सिलिंडरात जेवढी हवा आहे तेवढेच डिझेल जळणार, आणि उरलेले काजळी होऊन बाहेर पडणार.

नव्या पद्धतीचे इंजिन आमच्या अंगणात आले ते धुराच्या नियमांमागून. भारत स्टेज तीनचे मान २०१० साली देशभर लागू झाले, स्टेज चारचे १ एप्रिल २०१७ पासून आणि सहाचे १ एप्रिल २०२० पासून. आणि प्रत्येक पायरीबरोबर पिकअपमधला यांत्रिक पंप मागे पडत जाऊन त्याची जागा कॉमन रेलने घेतली. डिझेल एका सामाईक नळीत प्रचंड दाबाखाली साठवून ठेवायचे आणि प्रत्येक सिलिंडरच्या इंजेक्टरला विजेच्या इशाऱ्याने ते नेमक्या क्षणी, नेमके तेवढेच सोडायला लावायचे, ही कल्पना जपानात डेन्सोने १९९५ साली हिनोच्या मालमोटारीत आणि युरोपात बॉशने १९९७ साली अल्फा रोमियोच्या मोटारीत प्रत्यक्षात उतरवली. आणि दीड-दोन दशकांत ती लाखांदूरच्या चिखलवाटेवर धान वाहू लागली. या नळीतला दाब सोळाशे बारपर्यंत, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या सुमारे सोळाशे पट असू शकतो. म्हणून इंजिन चालू असताना या नळ्यांवरची गळती बोटाने चाचपू नये, कारण तिथून निघालेली बारीक धार कातडी भेदून आत शिरते आणि त्या जखमेने बोट किंवा हातही गमवावा लागतो. माझ्याजवळ शिकायला बसणाऱ्या प्रत्येकाला मी कोणतेही अवजार हाती देण्यापूर्वी हे सांगतो.

या गणकाचा कारभार समजून घेण्यात माझी कित्येक वर्षे आनंदात गेली. क्रँकजवळचा सेन्सर चक्राचे दात मोजतो. पुष्कळ इंजिनांत साठ दातांच्या जागी अठ्ठावन्नच असतात, आणि गाळलेल्या दोन दातांच्या फटीवरून पिस्टन कोठे आहे हे गणकाला कळते. पेडलचा सेन्सर ड्रायव्हरची इच्छा कळवतो, हवेचा सेन्सर आत आलेली हवा, पाण्याचा सेन्सर इंजिनाची उष्णता आणि रेलचा सेन्सर डिझेलचा दाब. या सर्व वार्ता एकत्र करून गणक आपल्या स्मृतीतल्या कोष्टकांकडे वळतो. त्यांनाच या धंद्यात 'मॅप' म्हणतात. एक कोष्टक सांगते की ड्रायव्हरने एवढा पाय दाबला तर एवढे डिझेल हवे; दुसरे सांगते की गिअरबॉक्स आणि क्लच यांना सोसेल इतक्यासाठी एवढेच द्यावे; तिसरे सांगते की आत आलेल्या हवेत धुराशिवाय एवढेच जळेल; आणि पाणी फार तापले असेल तर आणखी एक कोष्टक हात आखडता घेते. या सर्वांपैकी जो आकडा सर्वांत लहान तोच मंजूर होतो. केवळ ड्रायव्हरच्या इच्छेचा आकडा वाढवणारा उमेदवार निराश का होतो आणि निराशेच्या भरात बाकीच्या मर्यादाही तो एकामागून एक का उठवत जातो, याचे उत्तर या रचनेत आहे.

ही कोष्टके वाचायला शिकणे हे स्वतंत्र अध्ययन होते. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात वायर जोडायची, चौथ्या-पाचव्या पिनेवर अर्थिंग आणि सोळाव्या पिनेवर बॅटरी आहे याची खात्री करायची, आणि लॅपटॉपवर गणकाच्या स्मृतीची संपूर्ण प्रत उतरवून घ्यायची. ती प्रत उघडली की दिसतो तो सोळाच्या पायावर लिहिलेल्या आकड्यांचा अर्थहीन विस्तार. पण धीराने न्याहाळत गेले म्हणजे कोठेतरी आठशे, हजार, साडेबाराशे, पंधराशे अशी चढती ओळ सापडते, ती इंजिनाच्या फेऱ्यांची आहे हे ध्यानात येते, तिच्या शेजारी पेडलच्या टक्क्यांची ओळ उभी दिसते, आणि त्या दोहोंच्या मागे येणारा आकड्यांचा समूह एकाएकी बोलका होतो. ज्या रात्री माझ्या गाडीच्या धूरमर्यादेचे कोष्टक मला प्रथम ओळखता आले, त्या रात्रीचा आनंद अजून ओसरलेला नाही; कोणातरी अभियंत्याने, कोठल्यातरी प्रयोगशाळेत, महिनोन् महिने इंजिन चालवून मांडलेला निवाडा माझ्यासमोर उघडा झाला होता.

या कामातले काही दंडक मी कधी मोडले नाहीत. मूळ फाइलची प्रत दोन निराळ्या ठिकाणी ठेवल्याखेरीज काही लिहायचे नाही. लिहिणे चालू असताना बॅटरीचा व्होल्ट खाली आला तर गणक अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत निकामी होतो, म्हणून चार्जर लावूनच लिहायचे. आणि आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्यामुळे लॅपटॉपची स्वतःची बॅटरी भरलेली आणि चार्जरमागे इन्व्हर्टर असल्याशिवाय हात लावायचा नाही. फाइलमधल्या आकड्यांच्या बेरजेची ताडणी, जिला चेकसम म्हणतात, ती जुळल्याविना फाइल परत चढवायची नाही. आणि या सर्वांच्या आधी, गाडी आज काय करते आहे याची नोंद चालत्या रस्त्यावर भरल्या मालासह घेतल्याशिवाय कोणत्याही आकड्याविषयी मत बनवायचे नाही. हा शेवटचा दंडक सर्वांत मोलाचा, कारण कोष्टकांत ज्यांचा उगम होता अशा तक्रारी माझ्याकडे फारच थोड्या आल्या.

लाखांदूरकडून तुमसरला धान नेणाऱ्या एका गाडीचे उदाहरण सांगतो. मालक आल्याआल्या म्हणाले, "भाऊ, गाडी ओढूनच नाही राहिली, कम्प्युटरमधून थोडा दम वाढवून द्या जी." डिझेल वाढवावे असा त्यांचा आग्रह होता, आणि वाढवले असते तर चढावर थोडा फरकही पडला असता. पण पोती भरलेल्या गाडीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसल्यावर दिसले ते असे की गणक योग्य तेच मागत होता, मात्र हवा अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी येत होती आणि म्हणून धूरमर्यादेचे कोष्टक डिझेल रोखून धरीत होते. इंटरकूलरच्या रबरी नळीला पट्ट्याखाली चीर गेली होती. गाडी उभी असताना ती मिटलेली राही आणि टर्बोचा दाब चढला की उघडे. नळी बदलली, आकडा एकही बदलला नाही, आणि गाडी पूर्ववत ओढू लागली. गणकाने दम कमी केला होता तो इंजिन वाचवण्यासाठी. त्याच्या त्या सावधगिरीवर जबरी केली असती तर चीर तशीच राहिली असती आणि गाडी धूर ओकत फिरली असती.

कळमन्याला भाजी नेणारी दुसरी एक गाडी थंडीच्या दिवसांत पहाटे सुरू होईना. बॅटरी, स्टार्टर, ग्लो प्लग सर्व बदलून झाले होते. अशा वेळी मी एक साधी परीक्षा करतो आणि ती प्रत्येकाने शिकावी. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे पाणी, आत येणारी हवा आणि डिझेल यांची तापमाने पहाटे जवळजवळ सारखी असली पाहिजेत. त्या गाडीत हवा बारा अंश म्हणत होती आणि पाणी सत्तर. इंजिन गरमच आहे अशा भरवशाने गणक थंडीच्या वेळचे जास्तीचे डिझेल देतच नव्हता. पाण्याचा सेन्सर बदलताच तक्रार मिटली. गणक स्वतः काही पाहत नाही, त्याला जे कळवले जाते त्यावर तो विश्वास ठेवतो. म्हणून त्याच्या निर्णयाला दोष देण्यापूर्वी त्याच्याकडे पोचणाऱ्या वार्तांची शहानिशा करणे हे आपले कर्तव्य ठरते. पावसाळ्यात मध्येच बंद पडणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत ही गोष्ट वारंवार पटते. इंजिन आणि चॅसिस यांमधली अर्थिंगची पट्टी गंजलेली असते, पाच व्होल्टांवर चालणाऱ्या सेन्सरांचे वाचन त्यामुळे डळमळते, आणि चार पैशांच्या पट्टीचा दोष हजारोंच्या ईसीएमच्या माथी मारला जातो.

आकडा बदलणे जिथे आवश्यकच असते असेही प्रसंग आहेत. एका गाडीला चारही इंजेक्टर नवे बसवलेले होते, तरी इंजिन जागच्या जागी थरथरत होते आणि मालकाचा सर्व कारागिरीवरचा विश्वास उडाला होता. इंजेक्टर कितीही काटेकोर घडवले तरी दोन नग तंतोतंत सारखे निघत नाहीत. म्हणून कारखान्यात प्रत्येकाची चाचणी घेऊन त्याच्या डोक्यावर अक्षर-अंकांचा एक संकेतांक कोरतात आणि तो गणकाला कळवला की गणक त्या इंजेक्टरचे उणे-अधिक सांभाळून घेतो. त्या गणकात अजून जुन्या, भंगारात गेलेल्या इंजेक्टरांचेच संकेतांक होते. नवे संकेतांक सिलिंडरांच्या क्रमाने लिहिल्यावर इंजिन शांत चालू लागले. आकडे बदलण्याचे कारण, परिणाम आणि अधिकार तिन्ही स्पष्ट असले म्हणजे हे काम किती निर्मळ असते, याचा प्रत्यय मला अशा वेळी येतो.

माझ्या विचारांना कायमचे वळण लावणारी घटना घडली ती एका मे महिन्यात. दुसरीकडे कोठेतरी 'रिमॅप' करून आणलेली एक पिकअप मोहाडीकडून दोरीने ओढत आमच्याकडे आली. नवे आकडे चढवल्यापासून हिवाळाभर गाडी उत्तम चालली होती, चढावर खालचा गिअर लागत नव्हता, आणि मालक प्रसन्न होता. उन्हाळी धानाची कापणी सुरू झाली, पोती नेहमीप्रमाणे मंजूर वजनाहून अधिक भरली गेली, दुपारच्या उन्हात फेऱ्या होऊ लागल्या, आणि एका फेरीत इंजिनाने ठोका धरून प्राण सोडला. हेड उघडले तेव्हा एका पिस्टनचा माथा वितळून त्याला भोक पडले होते. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि पिस्टनच्या मिश्रधातूला तर त्याहूनही कमी उष्णता पुरते, उलट सिलिंडरातल्या ज्वाळेची उष्णता त्याच्या कितीतरी पट असते. रिंगा, तेल आणि पाणी मिळून उष्णता अखंड वाहून नेतात म्हणूनच पिस्टन जगतो. हे संतुलन त्या गाडीत ढळले होते.

गणकातली फाइल उतरवून मी तिचा मूळ फाइलशी मुकाबला केला आणि पुष्कळ दिवस त्या आकड्यांचा विचार करीत राहिलो. वाढ काही राक्षसी नव्हती. डिझेल थोडे चढवलेले, धूरमर्यादा थोडी सैल केलेली, आणि पाणी तापल्यावर हात आखडता घेणारे कोष्टक जवळजवळ सपाट केलेले. डिसेंबरच्या पहाटे ते खपून गेले. पण हवा तापली की विरळ होते. दहा अंशांच्या हवेपेक्षा पंचेचाळीस अंशांच्या हवेची घनता सुमारे अकरा टक्क्यांनी कमी भरते, म्हणजे तेवढ्याच डिझेलला जाळायला प्राणवायू तेवढा उणा मिळतो, आणि रेडिएटरलाही उष्णता टाकायला गार हवा उरत नाही. भंडाऱ्यात नेमका हाच काळ उन्हाळी धानाच्या वाहतुकीचा असतो. सर्वांत जास्त ओझे आणि सर्वांत कमी हवा यांची गाठ आमच्या मुलखात दर वर्षी ठरल्या महिन्यात पडते.

इंजिन घडवणाऱ्यांनी कोष्टकांत जी शिल्लक ठेवलेली असते ती त्यांचा कंजूषपणा असे पुष्कळांना वाटते, आणि 'कंपनीने दाबून ठेवलेला दम मोकळा करून देतो' या शब्दांत ती विकलीही जाते. वस्तुतः ती शिल्लक मे महिन्याच्या दुपारसाठी, भेसळीच्या किंवा पाणी शिरलेल्या डिझेलसाठी, अर्धवट तुंबलेल्या फिल्टरसाठी, थकलेल्या इंजेक्टरसाठी आणि क्षमतेपेक्षा जास्त पोती भरणाऱ्या मालकासाठी ठेवलेली असते. आमच्या ड्रायव्हरांना अनुभवाने ठाऊक असते की दहा पोती जास्त टाकली तरी गाडी निभावून नेते; ते निभावणे या शिलकेच्या जोरावरच चालते. ट्यूनिंग करणारा तीच शिल्लक दुसऱ्या दाराने काढून घेतो आणि गाडी अधिक ओढते म्हणून मालक आणखी चार पोती चढवतो. एकाच खात्यातून दोघे परस्परांना न कळवता रक्कम उचलू लागले म्हणजे दिवाळे ठरलेलेच; आणि ते निघते तेव्हा रस्त्यावर उभा असतो तो ड्रायव्हर, ज्याला या व्यवहाराची कोणी इतल्लाच दिलेली नसते. आकडे बदलणाऱ्याने आपण इंजिनाशी व्यवहार करतो असे समजू नये. तो त्या ड्रायव्हरशी आणि त्याच्या घराशी व्यवहार करीत असतो.

तेव्हापासून दम वाढवून मागणाऱ्या गिऱ्हाइकाशी मी निराळ्या रीतीने बोलू लागलो. वर्षातले सर्वांत अवघड ओझे कोणते, ते कोणत्या महिन्यात आणि कोणत्या रस्त्याने जाते, गाडी कोण चालवतो, हे मी आधी विचारतो. मग हवेची गळती, फिल्टर, इंजेक्टरांची परतीच्या नळीतली गळती, टर्बो, ब्रेकचे चिकटणे, टायरमधली हवा यांची तपासणी होते. आणि बहुतेक गाड्या एवढ्यावरच हरवलेला जोर आणि ॲव्हरेज परत मिळवतात. ईजीआर व्हॉल्व्ह पत्रा मारून बंद करा आणि त्याची खूण गणकातून पुसून टाका, अशीही दरखास्त नेहमी येते. ती मी नाकारतो आणि व्हॉल्व्ह काढून स्वच्छ करून देतो. जळलेल्या वायूचा थोडा भाग परत आत घेऊन तो ज्वलनाची उष्णता कमी करतो आणि त्यामुळे नायट्रोजनची घातक संयुगे कमी बनतात; गाव ज्या हवेत श्वास घेते तिच्यावर कोणाचा खासगी हक्क असू शकत नाही.

कायद्याची बाबही टाळून चालणार नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये वाहनाच्या नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ मानांपासून फरक पडेल अशा रीतीने बदलण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्या तरतुदीचा कठोर अर्थ पुनश्च अधोरेखित केला. धुराच्या तपासणीत जुन्या डिझेल गाड्यांना ६५ आणि स्टेज चारच्या गाड्यांना ५० हार्ट्रिज एककांची मर्यादा आहे. हे आकडे केवळ दंड चुकवण्यासाठी पाठ करायचे नसतात. ते समाजाने लिहिलेले धूरमर्यादेचे कोष्टक आहे, आणि गाडीच्या कोष्टकाने त्याच्या आत राहिले पाहिजे.

माझ्या स्वतःच्या गाडीत मी जो बदल केला आणि टिकवला तो घटवण्याच्या दिशेचा होता. टर्बो वयोमानाने उशिरा जागा होऊ लागला होता. त्यामुळे कमी फेऱ्यांवर, धानाच्या बांधावरून चढताना, कोष्टकाने गृहीत धरलेली हवा प्रत्यक्षात येत नव्हती आणि गाडी काळा धूर सोडत होती. टर्बोची दुरुस्ती हाच अस्सल उपाय, आणि तो मी पुढे केलाही. परंतु तोवर त्या लहानशा प्रदेशातले डिझेल मोजक्या पायऱ्यांनी उतरवले, प्रत्येक पायरीनंतर तोच बांध, तेवढीच पोती आणि तोच गिअर ठेवून नोंद घेतली, आणि धूर थांबला तिथे थांबलो. ड्रायव्हरला एक गिअर आधी उतरावा लागला, पण क्लच, टर्बो आणि डिझेलचा हिशेब तिन्ही सुधारले. ट्यूनिंग म्हणजे वाढ हा समज त्या प्रयोगाने माझ्या मनातून समूळ गेला. जुन्या इंजिनाची आजची प्रकृती आणि त्याला दिलेली कोष्टके यांचा मेळ घालणे हे त्या विद्येचे खरे स्वरूप आहे.

आता इंग्रजीचे आणि सोळाच्या पायावरच्या गणिताचे भय न बाळगणारी, माझ्या वेळेपेक्षा कितीतरी सुलभ साधने हाती असलेली मुले या कामाकडे येत आहेत आणि मला त्याचा मनापासून हर्ष होतो. आयटीआयमधून बाहेर पडलेल्या ज्या तरुणाला आपल्या गावात राहून हुशारीचे काम करायचे आहे, त्याच्यासाठी हे क्षेत्र मोठे आहे. मी त्यांना तीन प्रश्न वहीत लिहून ठेवायला सांगतो. हा आकडा काय मोजतो? तो कोणत्या परिस्थितीसाठी लिहिला गेला? तो बदलल्यावर कोणाच्या वाट्याची शिल्लक कमी होते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मालकासमोर मोठ्याने सांगता येत नसेल तर फाइल बंद करावी.

आणि एक वहिवाट मी घालून घेतली आहे, ती त्यांनीही चालू ठेवावी अशी माझी इच्छा आहे. गणकात काही लिहिले असेल, मग ते इंजेक्टरचे संकेतांक का असेनात, तर त्याची तारीख, कारण, जुना आकडा आणि नवा आकडा एका कागदावर मराठीत लिहून तो कागद मूळ फाइलच्या प्रतीसह मालकाच्या स्वाधीन करायचा आणि आरसी व विमा ज्या पिशवीत असतात तिथेच ठेवायला लावायचा. पिकअप गाड्या विकल्या जातात, एका तालुक्यातून दुसऱ्यात जातात, आणि तीन मालक उलटल्यावर कोणाला काही आठवत नाही. पण हंगामाच्या ऐन दुपारी तीच गाडी भरून निघणाऱ्या अनोळखी ड्रायव्हरला आपल्या इंजिनात किती शिल्लक आहे हे जाणण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क कागदावर पोचता करणे हा ट्यूनिंगच्या कामाचाच भाग आहे असे मी मानतो.